नाताळचं झाड: जंगलातून तोडून आणावं की शेतावरून?

अमेरिकेतल्या ओरेगनमधल्या पोर्टलंडला नुकत्याच राहायला आलेल्या मैत्रिणीने विचारलं, "मुलांना खरं झाड हवंय. माउंट हूड डोंगराच्या सरकारी जंगलात जाऊ की नाताळची झाडं लावलेल्या जवळच्या शेतावर?"

पैशांत जंगल फारच स्वस्त. वनखात्याचा परवाना झाडामागे 5 डॉलर, ऑनलाइन काढला तर वर अडीच डॉलर. चौथीतल्या मुलांना सरकारी जंगलं-उद्यानांसाठी मिळणारा मोफत पास असेल तर एक परवाना फुकट. शेतावरचं नोबल फर (नाताळसाठी लावतात ते एक सूचिपर्णी झाड) याच्या कितीतरी पट महाग. मात्र जंगलासाठी पेट्रोल आणि अख्खा दिवस धरा.

कष्ट जंगलातच जास्त. बर्फात घसरू नये म्हणून चाकांना लावायच्या साखळ्या, करवत, दोर, जेवणाचा डबा सगळं घरून न्यायचं. मोबाइलला रेंज नसते, तेव्हा नकाशा आधीच उतरवून घ्या. खुंट बुटका ठेवावा लागतो, म्हणून बर्फ उकरून, चक्क आडवं पडून करवत चालवायची. हातमोज्यांना लागलेला चीक आठवडाभर घमघमतो. झाड दाटीतलंच निवडा, म्हणजे शेजारच्या झाडांना ऊन मिळतं. नुसता शेंडा कापायला बंदी आहे, आणि ते योग्यच आहे.

रूप? शेतातलं दरवर्षी छाटून भरदार केलेलं, जंगलातलं विरळ, कधी एका बाजूने बोडकं. मला ते विरळच आवडतं. फांद्यांमधल्या मोकळ्या जागेत चांदण्या सुरेख लोंबतात.

टिकायला दोन्ही सारखीच. घरी आल्यावर बुंध्याची पातळ चकती कापून लगेच पाण्यात ठेवा.

तान्हं बाळ, वयस्कर आईवडील सोबत असतील किंवा बर्फात गाडी चालवायची सवय नसेल, तर शेतच बरं. मुलं आठ-दहा वर्षांची आणि शनिवार मोकळा असेल, तर जंगलात जा.