इतिवृत्ते वाचून केलेले प्रशिक्षण : विश्वस्तांसाठीच्या एका सल्लासेवेचा अनुभव

आमच्या सामाजिक संस्थेचे विश्वस्त मंडळ अकरा जणांचे आहे. काही काळापूर्वी एक दृष्टिहीन सदस्य, दोन तरुण कार्यकर्त्या आणि संस्थेच्या सेवांचा पूर्वी स्वतः लाभ घेतलेले एक गृहस्थ अशा चौघांना आम्ही ठरवून मंडळावर घेतले. परंतु वर्षभरातच त्यांपैकी दोघांचे सभांना येणे जवळजवळ थांबले आणि त्याचे कारण आम्हाला उमगेना. म्हणून विश्वस्त आणि स्वयंसेवक यांच्या सहभागासाठी प्रशिक्षण व सल्ला देणाऱ्या एका सेवेची आम्ही चार महिने मदत घेतली.

आमची अपेक्षा व्याख्यानांची होती. सल्लागारांनी मात्र पहिल्याच भेटीत वर्षभराची इतिवृत्ते मागून घेतली आणि प्रत्येक ठरावाचे सूचक व अनुमोदक कोण, कोणाचे म्हणणे नावानिशी नोंदले गेले आणि कोणाचे केवळ ‘चर्चा झाली’ एवढ्यावर संपले, याचा तक्ता तयार केला. त्यात नव्या चौघांच्या नावावर एकही ठराव नव्हता. कार्यवाह या नात्याने ती इतिवृत्ते मीच लिहिलेली असल्यामुळे मला मनापासून वाईट वाटले. पण एवढे एकच काम झाले असते, तरी ही सेवा घेतल्याचे समाधान वाटले असते.

समूहात एखाद्या गटाचे प्रमाण सुमारे १५ टक्क्यांच्या आत असले, की त्यातील माणसाकडे व्यक्ती म्हणून न पाहता त्या गटाचा प्रतिनिधी म्हणून पाहिले जाते, असे समाजशास्त्रज्ञ रोझाबेथ मॉस कँटर यांनी १९७७ मध्ये मांडले होते. सल्लागारांनी हा विचार आमच्याच नोंदींवरून समजावून दिला. आमच्या दृष्टिहीन सदस्यांनी आयुष्यभर हिशेब तपासणीचे काम केलेले असूनही अंदाजपत्रकावर त्यांचे मत आम्ही कधी विचारले नव्हते; विचारले ते फक्त अपंगत्वाशी संबंधित विषयांवर. शिवाय अंदाजपत्रक त्यांना स्कॅन केलेल्या चित्राच्या स्वरूपात जात असे, आणि तसे पान स्क्रीन रीडर (पडद्यावरील मजकूर आवाजात वाचून दाखवणारे सॉफ्टवेअर) थेट वाचू शकत नाही. आता सर्व कागदपत्रे मजकूर स्वरूपात, सभेच्या सात दिवस आधी जातात. नेहमीचे अहवाल आधीच वाचून एकाच ठरावाने मंजूर होतात, त्यामुळे खऱ्या चर्चेला वेळ उरतो.

प्रवासखर्चाबाबतचा सल्ला तर मला सर्वांत मोलाचा वाटला. ‘आधी खर्च करा, मग पावत्या द्या’ हा नियम आम्हाला निरुपद्रवी वाटत होता. ज्यांना आधी खर्च करणेच शक्य नाही, त्यांच्यासाठी तो सभेचा दरवाजा बंद करणारा आहे, आणि हे सांगण्याचा संकोच वाटल्यामुळेच एक सदस्य गैरहजर राहत होते, हे सल्लागारांनी त्यांच्याशी स्वतंत्रपणे बोलल्यावर समोर आले. आता रक्कम आगाऊ दिली जाते आणि ते पुन्हा नियमित येऊ लागले आहेत. दुसऱ्या सदस्या मात्र तोपर्यंत राजीनामा देऊन गेल्या होत्या.

स्वयंसेवकांसाठीचा भाग निराशाजनक ठरला. विश्वस्तांना दाखवलेल्याच स्लाइड त्यांना दीड तासात दाखवण्यात आल्या. आठवड्यातून दोन तास येणाऱ्या माणसाला ठरावाच्या भाषेत रस नसतो. आपले काम नेमके कोणते, अडल्यास कोणाला विचारायचे आणि केलेल्या कामाचे पुढे काय झाले, हे त्याला हवे असते. वयस्क स्वयंसेवक आणि विद्यार्थी यांच्या गरजांतील फरकही विचारात घेतला गेला नाही. अंतिम अहवालाची भाषा तर इतकी बोजड आहे, की ज्यांच्या सहभागासाठी तो लिहिला, त्यांना मी तो स्वतः सोपा करून दिला.

विश्वस्त मंडळासाठी ही सेवा घ्यावी, असे मी निःशंकपणे सुचवेन. स्वयंसेवकांचाही समावेश हवा असेल, तर त्यांच्याशी आधी प्रत्यक्ष बोलून सत्रांची आखणी केली जाईल, अशी अट करारातच लिहून घ्यावी. आम्ही ती घातली नव्हती.