ग्रुप टूरनं न्यूझीलंड, दोघांनी: काही महिन्यांनंतर लिहिलेला अनुभव

सहलीवरून आल्या आल्या लिहिलेला अभिप्राय मी फारसा धरत नाही. तेव्हा एकतर सगळंच सुंदर वाटत असतं, नाहीतर प्रवासाचा शीण बोलत असतो. म्हणून काही महिने मुद्दाम जाऊ दिले. फोटो बघून झाले, खर्चाचा हिशेब लागला आणि त्या सहलीतलं खरंच काय उरलं तेही आता कळतंय. मी आणि माझा नवरा फेब्रुवारीच्या शेवटी एका टूर कंपनीबरोबर न्यूझीलंडला गेलो होतो. आधी दक्षिण बेट, मग उत्तर बेट.

निकाल आधीच सांगते. दक्षिण बेटासाठी ही टूर मनापासून सुचवेन, उत्तर बेटासाठी नाही. दोन्हीकडे हॉटेलं चांगली होती, टूर मॅनेजर तोच होता, जेवणही साधारण सारखंच. फरक मुक्कामांचा होता. दक्षिणेत एकेका गावात एकाहून जास्त रात्री मिळाल्या आणि उत्तरेत रोज सकाळी बॅग दाराबाहेर ठेवायची होती. ‘जोडप्यानं ग्रुप टूरनं जावं का?’ असं मला बरेच जण विचारतात. त्याचं उत्तर मला या फरकातच सापडलं. जिथे मुक्काम लांबला तिथे आम्हाला एकमेकांसाठी वेळ मिळाला. जिथे नाही, तिथे आम्ही फक्त बसमधले दोन सीट नंबर होतो.

मुळात ग्रुप का निवडला तेही सांगायला हवं. न्यूझीलंडमध्ये गाडी आपल्यासारखीच डाव्या बाजूनं चालवतात, त्यामुळे स्वतः गाडी घेऊन फिरणं अवघड नाही असं सगळे म्हणतात. पण तिथले रस्ते वळणांचे आहेत, एकाच गाडीपुरते पूल जागोजागी लागतात आणि बाहेरचं दृश्य असं की चालवणाऱ्याची नजर हटणारच. आम्हा दोघांनाही खिडकीतून बघायचं होतं. बसमध्ये एकाच वेळी दोघांनी ‘ते बघ’ म्हणण्याचं सुख आहे, आणि ते मी कमी लेखणार नाही.

तिकडे बसचा ड्रायव्हर बऱ्याचदा गाईडही असतो. माइक कानाला लावून तो चालवता चालवता बोलतो. आमचा ड्रायव्हर याच भागात वाढलेला होता आणि टूरची अर्धी किंमत त्याच्यामुळेच वसूल झाली असं मी म्हणेन. टेकापोकडे जाताना पिवळ्या गवताची विस्तीर्ण पठारं लागतात, त्या भागाला मॅकेंझी कंट्री म्हणतात. हे नाव जेम्स मॅकेंझी या मेंढपाळाचं. 1855 साली हजारेक चोरलेल्या मेंढ्यांसकट तो इथे पकडला गेला, सोबतीला फक्त त्याची कुत्री. पुढच्या वर्षी त्याला माफी मिळाली, आणि ज्याला चोर म्हणून पकडलं त्याचंच नाव प्रदेशाला राहिलं. ही गोष्ट ऐकत ते रिकामं पठार बघताना वाटलं की इथे मेंढ्या लपवता येतीलही, माणसाला लपायला मात्र एक झाड नाही.

टेकापो तलावाचा रंग फोटोत खोटा वाटतो, पण तो तसाच आहे. हिमनद्या खडक घासतात, त्याची पिठासारखी बारीक भुकटी पाण्यात तरंगत राहते आणि तिच्यावरून प्रकाश विखुरतो, म्हणून तो दुधाळ निळा दिसतो. काठावर 1935 चं दगडी चर्च आहे. त्याच्या वेदीमागे चित्रांच्या काचांऐवजी साधी खिडकी आहे आणि तिच्यातून तलाव आणि डोंगर दिसतात. आत फोटो काढू देत नाहीत, ते मला फार आवडलं. रात्री आकाश बघायला आम्ही दोघंच बाहेर पडलो. हा सगळा परिसर 2012 पासून ‘डार्क स्काय रिझर्व्ह’ आहे, म्हणजे रस्त्यावरचे दिवेसुद्धा वरून झाकलेले, उजेड फक्त खाली. आकाशगंगा इतकी स्पष्ट आणि तिच्या शेजारी मॅजेलनचे दोन धूसर मेघ, म्हणजे दोन छोट्या दीर्घिका! आपल्या अक्षांशावरून ते नीट दिसत नाहीत. ग्रुपच्या कार्यक्रमात यातलं काहीही नव्हतं. दुसऱ्या दिवशी लवकर निघायचं नव्हतं, म्हणून हे जमलं.

माउंट कुक गावी आम्ही थोडाच वेळ होतो. आओराकी म्हणजेच माउंट कुक, उंची 3724 मीटर, हे देशातलं सर्वोच्च शिखर. हिलरींनी एव्हरेस्टच्या पाच वर्षं आधी, 1948 मध्ये, ते सर केलं होतं. हॉटेलसमोर शिखराकडे बघणारा त्यांचा पुतळा आहे. आम्हाला केआ पॉइंटपर्यंत चालायला सोडलं. जाऊन-येऊन तासाभराची सोपी वाट आहे, नवऱ्याच्या गुडघ्यांनाही झेपली.

आता मिलफर्ड साउंडचा, म्हणजे उंच कड्यांमधून आत शिरलेल्या समुद्राच्या खाडीचा दिवस. सहलीतला सगळ्यात मोठा आनंद आणि सगळ्यात मोठी तक्रार, दोन्ही याच दिवसातले. क्वीन्सटाउनहून मिलफर्ड सरळ रेषेत जवळ आहे, पण मध्ये डोंगररांगा असल्यामुळे रस्ता टे आनाऊ या गावावरून वळसा घेतो आणि एका बाजूचं अंतर 290 किलोमीटरच्या आसपास होतं. आमच्या कंपनीनं जाणं-येणं एकाच दिवसात बसवलं होतं. सकाळी अंधारात निघालो, परत आलो तेव्हा रात्र झाली होती. तिथे ड्रायव्हरच्या कामाच्या तासांवर कायद्याची मर्यादा आहे. साडेपाच तासांच्या कामानंतर अर्धा तास विश्रांती, आणि एकूण काम 13 तासांपर्यंतच. नियम अगदी योग्य आहे. पण कंपनीनं दिवस इतका ठासून भरला होता की हे सगळं सांभाळताना वाटेतल्या मिरर लेक्सला जेमतेम दहा मिनिटं मिळाली. एगलिंटन खोऱ्यात तर बस थांबलीच नाही. तो रस्ता मुक्कामाला जाण्यासाठीचा साधा रस्ता नाही, तीच बघण्याची जागा आहे.

होमर बोगद्याच्या तोंडाशी मात्र थांबावं लागलं, सिग्नल होता. 1935 मध्ये मंदीच्या काळात बेकार झालेल्या कामगारांनी हातातल्या अवजारांनी हे काम सुरू केलं आणि वाहतुकीला खुला व्हायला 1954 उजाडलं. लांबी सव्वा किलोमीटरच्या आसपास, आत खडक उघडा, आणि उतार चांगला तीव्र. बाहेर केआ नावाचे हिरवे डोंगरी पोपट होते. गाड्यांची रबरं कुरतडतात, पण त्यांना खायला घालू नका असं तिथे लिहिलेलं आहे आणि ते पाळायलाच हवं.

मिलफर्डला पाऊस होता. बसमध्ये बरेच जण हिरमुसले. खरं तर तिथे वर्षाला सहा मीटरहून जास्त पाऊस पडतो, कोरडा दिवस मिळणं हाच अपवाद. मायटर पीक हे शिखर ढगात राहिलं, आम्हाला ते पूर्ण दिसलंच नाही. पण बोट कड्यांमधून पुढे गेली आणि वरून इतके धबधबे सुटलेले की मोजणं सोडून दिलं. कोरड्या दिवसात त्यातले दोनच मोठे टिकतात. 151 मीटरच्या स्टर्लिंग धबधब्याखाली कॅप्टननं बोट नेली तेव्हा आम्ही दोघं पुढच्या डेकवर चिंब भिजत उभे होतो आणि तिथून हलावंसंच वाटत नव्हतं. या दिवसासाठी मी पुन्हा पैसे देईन, पण टे आनाऊच्या मुक्कामासह. तिथून मिलफर्ड 120 किलोमीटर आहे. टूर निवडताना एवढी एक गोष्ट बघाच. (सँडफ्लायसाठी मलमही न्या. त्या माश्या बारीक असतात, पण खाज कितीतरी दिवस जात नाही.)

क्वीन्सटाउनला एक पूर्ण दुपार मोकळी होती. बाकीचे बरेच जण ऑप्शनल म्हणून दिलेल्या साहसी खेळांना गेले. आम्ही अर्न्सलॉ या वाफेच्या जहाजाचं तिकीट स्वतः काढलं. 1912 मध्ये पाण्यात उतरलेलं हे जहाज आजही कोळशावर चालतं आणि इंजिनात कोळसा टाकणारी माणसं वरून बघता येतात. नवरा इंजिनिअर, तो तिथून हलेना. मी डेकवर बसून वाकाटिपू तलाव बघत राहिले. हे आमच्या पॅकेजमध्ये नव्हतं याचं मला आजही आश्चर्य वाटतं.

जेवणाबद्दल थोडं. रोज संध्याकाळी भारतीय जेवण होतं, चव ठीक, ज्येष्ठांना मोठी सोय. पण वेळ साडेसहाची. त्या दिवसांत तिकडे सूर्य साडेआठच्या सुमारास मावळतो, म्हणजे डोंगरांवर सगळ्यात सुंदर उजेड असताना आम्ही पनीर वाढून घेत होतो. दोनदा आम्ही टूर मॅनेजरला आधी सांगून जेवण सोडलं आणि सुपरमार्केटमधून ब्रेड, चीज, फळं घेऊन तलावाकाठी बसलो. कुणी हरकत घेतली नाही. जोडप्यांनी हे जरूर करावं.

उत्तर बेटातलं वायटोमो छान आहे. अंधाऱ्या गुहेत बोट आवाज न करता सरकते आणि छतावर निळसर ठिपके चमकतात, ते एका किड्याच्या अळ्यांचे. रोटोरुआला पोहुटू गीझर, म्हणजे जमिनीतून उसळणारं गरम पाण्याचं कारंजं, बघितलं. ऑकलंड धावतपळत झालं.

बुक करण्याआधी प्रवासक्रम लेखी मागा आणि त्यात ‘भेट’, ‘फोटो स्टॉप’ आणि ‘प्रवेश’ यातला फरक विचारून घ्या. रोजचे किलोमीटर विचारा. व्हिसाच्या फीखेरीज 100 न्यूझीलंड डॉलरची पर्यटक लेव्ही (कर) असते, ती पॅकेजमध्ये आहे का ते बघा. खाण्याचं जे काही बॅगेत असेल ते विमानतळावर जाहीर करा, चिखल लागलेले ट्रेकिंगचे बूटसुद्धा. मध आणि ताजी फळं तर नेऊच नका. न सांगितलेला पदार्थ सापडला तर जागेवरच 400 डॉलर दंड होतो, आणि तपासणी कडक असते.

पुढच्या खेपेला आम्ही नोव्हेंबरअखेर जाऊ, तेव्हा टेकापोच्या काठावर ल्युपिन फुललेली असतात. फक्त दक्षिण बेट, आणि टे आनाऊला निदान दोन रात्री.