बेसला क्रोम्स फ्लॅटवाउंड तारा लावून वर्ष झालं, त्याबद्दल (आणि मिसळीबद्दल)

मागच्या पावसाळ्यात बेस गिटारच्या तारा बदलल्या त्याला आता वर्ष होत आलं, म्हणून म्हटलं आता लिहूया. नवीन तारांबद्दल दुसऱ्याच दिवशी लिहिण्यात काही अर्थ नसतो, आणि फ्लॅटवाउंडच्या (गोल तारेऐवजी चपटी पट्टी गुंडाळलेल्या तारांच्या) बाबतीत तर अजिबातच नाही कारण त्यांचा खरा आवाज महिना-दीड महिना वाजवल्यावर यायला लागतो.

सेट आहे डॅडारिओ कंपनीचा क्रोम्स, ४५-६५-८०-१०० (तारांची जाडी, इंचाच्या हजाराव्या भागात), लाँग स्केल, म्हणजे आपल्या नेहमीच्या ३४ इंची बेसचा (स्केल म्हणजे तारेच्या वाजणाऱ्या भागाची लांबी). बेस माझा यामाहाचा टीआरबीएक्स १७४, चार तारांचा, पॅसिव्ह, बॅटरीची भानगड नाही. वाजवतो काय तर जुन्या हिंदी गाण्यांचे ऑर्केस्ट्रा, भावगीतं, गणपतीतले मंडळांचे कार्यक्रम आणि लग्नाचे संगीत. मेटल वाजवणाऱ्यांनी पुढचं वाचलं तरी चालेल पण तुमचा हिशोब वेगळा असणार.

आता हा सेट घ्यायचं डोक्यात कुठून आलं ते सांगतो. एका बँडमध्ये बेसवाला एकच असतो, त्यामुळे आम्ही चौघं बेसवाले मित्र एका स्टेजवर कधीच नसतो, भेटतो ते खायलाच. ठाण्यात मामलेदार मिसळ, स्टेशनपासून चालत जाता येतं, मामलेदार कचेरीच्या शेजारी म्हणून ते नाव. तिथे बसलो की एक पिकअपवर (तारांची कंपनं पकडणाऱ्या चुंबकांवर) बोलतो, एक पाच तारांच्या बेसवर, आणि प्रत्येक वेळी गाडी तारांवर येते कारण सगळ्यांची बोटं तर्रीत असतात. तिखट मिसळ, पाव मोडून बुडवायचा, बोटांच्या पेरापर्यंत लाल तेल, आणि तासाभराने कोणाचीतरी रिहर्सल. साबणाने दोनदा हात धुवा, लिंबाची फोड चोळा, तरी नखांच्या कडेला तेल राहतंच. आमच्यातल्या एकाच्या बेसला मेपलचा फ्रेटबोर्ड (मानेवरची बोटं दाबायची फळी) आहे, पाचव्या फ्रेटजवळचं (फ्रेट म्हणजे त्यावरच्या आडव्या धातूच्या पट्ट्या) लॅकर घासून गेलंय आणि बरोब्बर तिथे हळदीचा पिवळा डाग बसलाय, अंगठ्याच्या नखाएवढा. ती जागा त्याने आम्हाला बेस उजेडात धरून दाखवली होती, आणि खरं सांगतो तेव्हा मला वाईट वाटलं, फार प्रेमाने सांभाळलेला बेस आहे तो.

राउंडवाउंड तारेत मधल्या कोअरवर गोल तार गुंडाळलेली असते, त्यामुळे वळशा-वळशांमध्ये बारीक खाचा राहतात, आणि घाम, तेल, त्वचेचा मळ सगळा जाऊन त्या खाचांमध्ये बसतो. नवा सेट घंटेसारखा वाजतो आणि दोन महिन्यांत त्याची टिपरी होते. मग आमचा जुना उपाय म्हणजे तारा उकळणे. हसू नका, बरेच बेसवाले करतात. तारा काढायच्या, सैल वेटोळी करायची, पातेल्यात पाणी उकळून दहा मिनिटं टाकायच्या, बाहेर काढून लगेच कोरड्या फडक्याने पुसायच्या नाहीतर गंज धरतो. मी केलं तेव्हा पाण्यावर राखाडी तवंग आला होता, त्यात काळे कण फिरत होते, आणि आईने ते पातेलं त्या दिवसापासून स्वयंपाकातून काढलं ते कायमचं. आवाज परत उजळतो हे खरं, पण पुरतो चार-आठ दिवस. दर आठवड्याला कोण उकळत बसणार.

फ्लॅटमध्ये गोल तारेऐवजी चपटी पट्टी गुंडाळतात, क्रोम्सला ती स्टेनलेस स्टीलची, पॉलिश केलेली. बोट फिरवलं की काचेवरून फिरवल्यासारखं लागतं. खाचाच नाहीत तर मळ बसणार कुठे, कार्यक्रम संपला की सुती फडक्याने वरपासून खालपर्यंत एकदा पुसायचं, झालं. ह्या वर्षीचा आख्खा पावसाळा गेला, ठाण्याची दमट हवा, बेस तर कोपऱ्यात स्टँडवरच असतो, तरी गंजाचा ठिपका नाही. माझ्यासाठी पैसे इथेच वसूल झाले.

आवाजाबद्दल नीट सांगतो कारण मुद्दा तोच आहे. लावल्या लावल्या ह्या तारा फ्लॅटच्या मानाने बऱ्यापैकी चकचकीत वाजतात, पहिले दोन आठवडे मला वाटलं राउंडच बरे होते की. नंतर वरची झिंग हळूहळू उतरली आणि खाली जो गोळीबंद आवाज राहिला तो मला वर्षानुवर्षं हवा होता पण टोनचा नॉब फिरवून कधी मिळाला नव्हता. ठोका पडतो, स्वर उभा राहतो आणि वेळेत विझतो. तबला-ढोलकीसोबत वाजवताना हे फार महत्त्वाचं आहे, कारण डग्ग्याची घुमार आणि बेसचा लांबलेला स्वर एकमेकांत मिसळले की सगळा चिखल होतो. गणपतीत एका कार्यक्रमाला ढोलकीवाले काका साउंडचेकला मागे वळून म्हणाले, "आज बेस कळतोय रे." बास, मला तेवढं पुरे होतं.

आणि हा काही नवा शोध नाही. फेंडर कंपनीने १९५१ ला प्रिसिजन बेस आणला तेव्हा त्यावर फ्लॅटच असायच्या, राउंडवाउंडची चलती साठच्या दशकात सुरू झाली. मोटाऊन या अमेरिकन रेकॉर्ड कंपनीचा बेसवाला जेम्स जेमरसन, १९६२ चा प्रिसिजन, जाड फ्लॅटवाउंड, आणि तुटेपर्यंत तारा बदलायचा नाही. उजव्या हाताचं एकच बोट वापरून त्याने काय काय वाजवून ठेवलंय. आपल्याकडचं बघायचं तर पंचमदांसाठी टोनी वाझ यांनी वाजवलेला बेस हेडफोन लावून ऐका, गाण्याचं अर्धं वजन तिथे आहे. आमच्या मडगावच्या मित्राचं म्हणणं असं की बेस हा गोव्याच्या रस ऑम्लेटमधल्या रसासारखा (म्हणजे मसालेदार रश्श्यासारखा) आहे, वर ऑम्लेट दिसतं पण पाव बुडवायला माणूस रसाकडेच जातो. तो फ्रेटलेस (फ्रेट नसलेला बेस) वाजवतो, तियात्राच्या (गोव्याच्या कोकणी संगीत नाटकाच्या) बँडमध्ये, आणि त्याच्याकडे तर फ्लॅटशिवाय पर्यायच नाही कारण राउंडवाउंड रोझवूडच्या फ्रेटबोर्डला कानशीसारख्या घासतात. फ्रेट असलेल्यांचाही फायदा आहेच, फ्रेट कमी झिजतात.

आता जे जमत नाही ते. स्लॅप विसरा, अंगठा मारला की ठप्प वाजतं. दुसरं म्हणजे मोबाईल. खालच्या ई तारेचा स्वर ४१ हर्ट्झच्या आसपास असतो, फोनचा इवलासा स्पीकर तो वाजवूच शकत नाही, आपल्याला ऐकू येतात ते वरचे हार्मोनिक्स (मूळ स्वराच्या पटीतले बारीक स्वर), आणि फ्लॅटमध्ये तेच कमी असतात. त्यामुळे हॉलमध्ये छाती हलते आणि कोणी शूट केलेल्या व्हिडिओत मात्र बेस गायब. यावर उपाय म्हणजे मिक्सरमधून वेगळी लाइन घ्या, किंवा बोटांऐवजी पिकने (तार छेडायच्या छोट्या पट्टीने) ब्रिजजवळ, म्हणजे तारा खाली जिथे अडकवतात तिथे, वाजवा. आणि ताण जास्त आहे, पहिला आठवडा डाव्या हाताची करंगळी दुखली. मान पुढे ओढली जाते म्हणून ट्रस रॉड (मानेच्या आतली सळई) थोडा आवळावा लागला, साधारण पाव फेरा, आणि ब्रिजवर इंटोनेशन (वरच्या फ्रेटवरही स्वर बरोबर लागणं) परत लावलं. ज्यांना हे येत नाही त्यांनी हात घालू नका, जाणकाराकडे द्या.

किंमत साध्या निकल राउंडच्या जवळपास दुप्पट पडली मला. पण राउंडचे वर्षात तीन-चार सेट जायचे, हा एकच चाललाय आणि अजून बदलावासा वाटत नाही, उलट दिवसेंदिवस छान होत चाललाय.

घेताना एक गोष्ट नक्की तपासा, ती म्हणजे स्केल. मी एका ऑनलाइन विक्रेत्याकडून मागवला, पाकीट आलं ते शॉर्ट स्केलचं. घाईत मी लावायलाही घेतला, तेव्हा लक्षात आलं की तारेचा जाड भाग नटपर्यंत (मानेच्या टोकाच्या खाचांच्या पट्टीपर्यंत) पोचतच नाहीये, पातळ निमुळता भाग पहिल्या फ्रेटवर येतोय. फोन, मेल, फोटो, तेरा दिवस गेले आणि मधला एक कार्यक्रम उकळलेल्या तारांवरच काढावा लागला, त्याचं मला अजून वाईट वाटतं कारण ते भावगीतांचं होतं आणि तिथेच ह्या तारा हव्या होत्या. शेवटी बदलून मिळाला. म्हणून पाकीट फोडायच्या आधी त्यावरचं स्केल वाचा, आणि तार बेसवर नीट पोचते हे बघितल्याशिवाय ती कापू नका.

आमच्या चौघांतले दोघं आता फ्लॅटवर आलेत. हळदीच्या डागवाल्याने मागच्या रविवारी माझा बेस घेऊन अर्धा तास वाजवला, मिसळ खायच्या आधी, हात धुऊन, आणि परत देताना फक्त पाकिटाचा फोटो काढून घेतला. जुना राउंडचा सेट मी वेटोळं करून कव्हरच्या खिशात ठेवलाय, स्लॅपची गाणी असलेलं काम आलं तर लागेल.