छाती काढल्यानंतरचं रेडिएशन: पुण्यातल्या १५ सिटिंगचा अनुभव

मागच्या महिन्यात माझी रेडिएशनची १५ सिटिंग संपली. डाव्या बाजूचा ब्रेस्ट कॅन्सर, आधी ऑपरेशन करून स्तन पूर्ण काढला, मग किमो, आणि मग हे. जायच्या आधी मी खूप शोधलं, पण त्या खोलीत नेमकं काय करतात, घरातून काय तयारी करून जायची, हे मराठीत धड कुठे मिळेना म्हणून सविस्तर लिहितेय. हॉस्पिटलचं नाव टाकत नाहीये. काही गोष्टी मला खटकल्यात आणि काही माणसं तिथली इतकी चांगली आहेत की नाव घेऊन सगळ्यांना एकाच तराजूत घालणं मला बरोबर वाटत नाही. पुण्यातलं मोठं खाजगी हॉस्पिटल आहे, मेट्रोने जाता येतं, एवढं पुरे.

आमच्याकडे पहिला प्रश्न जाऊबाईंनी विचारला, अगं सगळंच काढलंय ना, मग आता शेक कशाला? (आमच्या वेटिंगमधे पण निम्म्या बायका शेक म्हणायच्या, निम्म्या लाईट.) मला स्वतःलाही तेच वाटत होतं. रेडिएशनच्या डॉक्टर मॅडमनी कागदावर चित्र काढून समजावलं की स्तन काढला तरी छातीची भिंत, टाक्यांची जागा, वरची कातडी आणि गळपट्टीच्या हाडाजवळच्या गाठी (लिम्फ नोड, कॅन्सरच्या नव्हे, शरीरात मुळातच असणाऱ्या बारीक ग्रंथी) तिथेच असतात, आणि डोळ्याला किंवा स्कॅनमधे न दिसणाऱ्या पेशी तिथे राहिलेल्या असू शकतात. काखेतल्या अशा ४ किंवा जास्त गाठींमधे कॅन्सर निघाला, किंवा स्तनातली मूळ कॅन्सरची गाठ ५ सेंटीमीटरपेक्षा मोठी असली, तर साधारण देतातच. १ ते ३ गाठी असतील तर बाकीचे रिपोर्ट बघून ठरवतात, सरसकट सगळ्यांना नाही. माझ्या १८ पैकी ५ मधे होता, त्यामुळे प्रश्नच नव्हता. हे सांगायला मॅडमनी अर्धा तास दिला आणि एकदाही घड्याळाकडे बघितलं नाही, याचे पूर्ण मार्क.

१५ का, हेही विचारलं कारण ओळखीतल्या एकींना २५ दिली होती. पूर्वी ५० ग्रे (रेडिएशन मोजायचं माप) डोस २५ दिवसांत विभागून द्यायचे, ब्रिटनमधल्या मोठ्या अभ्यासांनंतर आता ४० ग्रे १५ दिवसांत देतात. तिकडे २०२० नंतर तर ५ दिवसांत २६ ग्रे पण काहींना देतात, पण माझ्या गळपट्टीजवळही द्यायचं होतं म्हणून मॅडम १५ वरच ठाम होत्या. सोमवार ते शुक्रवार, म्हणजे ३ आठवडे.

आता जे मला कुणीच आधी सांगितलं नव्हतं ते, हात वर गेला पाहिजे! मशीनवर दोन्ही हात डोक्याच्या वर नेऊन, दांड्याला धरून, न हलता झोपायचं असतं. ऑपरेशननंतर माझा डावा हात खांद्याच्या वर जातच नव्हता आणि प्लॅनिंग सीटीची (रेडिएशन नेमकं कुठे द्यायचं ते आखायच्या स्कॅनची) तारीख आठवड्यावर आलेली. मग फिजिओवाल्या मुलीने भिंतीवर बोटं चढवत न्यायचा व्यायाम दिला, मी फ्रिजशेजारच्या भिंतीवर रोज पेन्सिलने खूण करायचे, कालच्यापेक्षा आज कुठवर गेलं ते बघायला. त्या खुणा अजून पुसल्या नाहीयेत. तुमचं ऑपरेशन झालं असेल तर सर्जनला विचारून हा व्यायाम लवकर सुरू करा, रेडिएशनची तारीख येईपर्यंत थांबू नका.

प्लॅनिंगच्या दिवशी सीटी काढतात, छातीवर जांभळ्या मार्करने रेघा मारतात आणि तीळाएवढे ३ ठिपके गोंदवतात, मुंगी चावल्यासारखं वाटतं, बास. रेघा पुसायच्या नाहीत म्हणून ३ आठवडे त्या जागेवर साबण घासायचा नाही, पावडर, डिओ, सेंट बंद. शाई कपड्यांना लागते आणि निघत नाही, म्हणून मी ह्यांचे जुने कॉटनचे सदरे घातले सगळे दिवस. मऊ, ढगळ, पुढून बटणं, याच्याइतका सोयीचा कपडा दुसरा नाही.

डाव्या बाजूला हृदय असतं म्हणून श्वास धरून रेडिएशन देतात. मोठा श्वास घेतला की फुफ्फुस भरतं आणि हृदय छातीच्या भिंतीपासून लांब सरकतं, मशीन तेवढ्याच वेळात चालू. पोटावर एक छोटी डबी ठेवतात, वर कॅमेरा असतो, आणि आपल्याला समोर पडद्यावर एक पट्टी दिसते, श्वास घेतला की ती वर चढते. दूध वर आलं की आपण गॅस बारीक करतो ना, अगदी तसं, पट्टी हिरव्या भागात आली की तिथेच थांबायचं, साधारण २० सेकंद. पहिल्या दिवशी मला जमेना, घाबरून श्वास सुटायचा, डोळ्यातून पाणी यायला लागलं आणि हात वर असल्यामुळे ते पुसताही येईना, कानात गेलं. टेक्निशियन मुलगा (माझ्या मुलाच्या वयाचा असेल) मशीन थांबवून आत आला, टिश्यूने माझे डोळे पुसले आणि म्हणाला, काकू, घाई नाहीये, आज नुसती प्रॅक्टिस करू, आपण दोघं मिळून मोजू. मग बाहेरून माईकवर तो स्वतः मराठीत मोजायचा, घ्या, अजून थोडा, धरा, आणि सोडा. तिसऱ्या दिवसापासून मला पट्टीकडे बघायचीही गरज पडेना, त्याच्या आवाजावर जमायचं. ह्या मुलाला आणि त्याच्याबरोबरच्या ताईंना दहापैकी दहा, त्याहून जास्त असते तर तेही दिले असते.

एक दिवसाआड छातीवर एक गार, थुलथुलीत शीट ठेवायचे, खरवसाच्या पातळ वडीसारखं दिसतं, त्याला बोलस म्हणतात. त्याने डोस वरच्या कातडीपर्यंत नीट पोचतो. दुखत काहीच नाही, मशीन फिरताना घूं असा आवाज येतो फक्त. टेबलावर सगळं धरून १५-२० मिनिटं. आणि हो, बाहेरून दिलेल्या ह्या रेडिएशनने आपल्या अंगात काही राहत नाही, मी रोज घरी येऊन नातीला मांडीवर घेत होते.

आता खटकलेलं. कपडे बदलायची जागा म्हणजे एक पडदा, तोही पूर्ण सरकत नाही, आणि गाऊन घालून बाहेर पुरुषांच्या वेटिंगमधूनच मशीनच्या खोलीकडे जायचं. एक बाजू सपाट झालेल्या बाईला त्या ५-६ पावलांत काय वाटतं ते बांधकाम करताना कुणाच्या डोक्यातच आलं नसणार. मी ओढणी नेऊन वरून घ्यायला लागले, मग बाकीच्या बायकांनीही आणल्या. दुसरं, मधे २ दिवस मशीन बंद पडलं, ते होऊ शकतं, पण फोन करून कळवायला हवं होतं, आम्ही तिथे जाऊन परत आलो. राहिलेली सिटिंग शनिवारी भरून दिली हे मात्र चांगलं. तिसरं, एका नर्सने बीपीचा पट्टा डाव्या हाताला लावायला घेतला, काखेतल्या गाठी काढलेल्या हाताला सूज येऊ शकते म्हणून तिथे सुई-बीपी टाळायला सर्जननेच सांगितलं होतं. आपणच उजवा हात पुढे करायचा, रोज.

विम्याच्या काउंटरवर तर ४ दिवस गेले. ॲडमिट नाही म्हणून क्लेम बसणार नाही असं आधी सांगितलं, मग माझ्या पॉलिसीत डे-केअरमधे रेडिएशन लिहिलेलं ह्यांनी कागद पुढे ठेवून दाखवलं तेव्हा फाईल हलली. पॉलिसीची प्रिंट जवळ ठेवाच. ज्यांच्याकडे विमा नाही त्यांनी महात्मा फुले जन आरोग्य योजनेचं विचारा, योजनेतल्या हॉस्पिटलमधे आरोग्यमित्र म्हणून माणूस बसतो, रेशनकार्ड आणि आधार घेऊन आधी त्यालाच भेटा.

वेटिंगमधे दौंडहून रोज लोकलने येणाऱ्या एक मावशी होत्या, त्यांची परतीची गाडी चुकू नये म्हणून काउंटरवरच्या मुलीने त्यांना कायमचा ११ चा स्लॉट दिला होता आणि तो शेवटपर्यंत पाळला. तुम्हीही पहिल्याच दिवशी तुमची अडचण सांगून वेळ मागून घ्या, मिळते.

सगळ्यात मोठी तक्रार शेवटची. १५ वं सिटिंग झालं, सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या, मी पेढे नेले होते, आणि त्यांनी दीड महिन्यांनी या म्हणून सोडलं. तोपर्यंत कातडी फक्त लालसर होती, मला वाटलं सुटलो. कातडीचा त्रास सिटिंग संपल्यानंतरच्या एक-दोन आठवड्यांत सर्वात जास्त होतो हे मला कुणी बोललंच नाही! आठव्या दिवशी काखेच्या घडीत कातडी सुटली, ओलं लागायला लागलं, सदऱ्याला चिकटायचं. रविवार होता, दिलेल्या नंबरवर ६ वेळा फोन केला, कुणी उचलला नाही, आणि मी रात्रभर हात अंगापासून लांब धरून खुर्चीत बसून काढली. सोमवारी सकाळी सिस्टरनी बघितलं, ड्रेसिंग केलं, मलम दिलं, हे नेहमीचं आहे म्हणाल्या, १० दिवसांत भरलं. आता तिथे थोडी काळपट खूण आहे आणि खाज येते, तेवढंच.

नेहमीचं असेल तर आधी सांगायला २ मिनिटं लागतात. तुम्ही जिथे कुठे घ्याल तिथे शेवटच्या दिवशी पेढे द्यायच्या आधी दोन गोष्टी लिहून घ्या, पुढच्या १५ दिवसांत कातडीचं काय होणार आणि रविवारी फोन कोण उचलणार.