लेओव्हिल बार्टन २०१०: तुरट, ताठ आणि अजून तरुण

फ्रान्सच्या बोर्दो प्रांतातल्या सँ-ज्युलियाँ गावची ही लाल वाइन १८५५च्या वर्गवारीत, म्हणजे तिथल्या नामांकित मळ्यांच्या अधिकृत क्रमवारीत, दुसऱ्या श्रेणीत आहे. १८२६पासून मळा बार्टन घराण्याकडेच. मुख्य द्राक्ष काबर्ने सोव्हिन्यों, जोडीला मर्लो आणि थोडं काबर्ने फ्रां.

२०१०चा हंगाम कोरडा आणि रात्री थंड होत्या. त्यामुळे द्राक्षांत साखर, आंबटपणा आणि टॅनिन (सालीबियांतला तुरट घटक) तिन्ही भरपूर. म्हणूनच बाटली उघडताच ओतली तर जिभेवर कच्च्या सुपारीसारखा तुरटपणा चिकटतो, फळाचा स्वाद दबून जातो. दोष वाइनचा नाही, घाईचा आहे.

बाटली आदल्या दिवशी उभी ठेवा, म्हणजे गाळ तळाशी बसेल. बूच सावकाश, सरळ ओढा. जुनं बूच तिरक्या ओढीनं तुटतं. डिकँटरमध्ये, म्हणजे रुंद बुडाच्या काचेच्या सुरईत, संथ धारेनं ओता, गळ्याशी गाळ दिसताच थांबा. मग दोन-तीन तास वाट पाहा. तापमान १६ ते १८ अंश. आपल्याकडच्या ३० अंशांच्या खोलीत अल्कोहोलच नाकात चढतं, तेव्हा आधी तासभर फ्रिज हवाच.

पेला एकतृतीयांशच भरा. आधी काळ्या मनुकांची आठवण देणारं गडद फळ, मागून देवदाराचं लाकूड, पेन्सिलीचं शिसं, तंबाखूचं पान. घोट गिळल्यावरही चव रेंगाळते, आणि आंबटपणा तिला जड होऊ देत नाही. बांधणी अप्रतिम!

सोबत कमी मसाल्याचं भाजलेलं मटण घ्या. झणझणीत रस्सा नको, तिखटानं टॅनिन आणखी बोचतं. थंड, अंधारी साठवण असेल तर दुसरी बाटली आडवी ठेवून द्या. दहा वर्षं सहज टिकेल.