शार्पी नमुन्याची दिशा: ड्रॉइंग, मॅक्रो एच की सूक्ष्मदर्शक?

फोर्जिंगमधून (ठोकून-दाबून घडवलेल्या नगातून) शार्पीचा, म्हणजे आघात चाचणीचा, नमुना काढायचा तर आधी ग्रेन फ्लो, म्हणजे घडवताना धातू ज्या दिशेने ताणला गेला तो प्रवाह, कुठल्या दिशेने आहे ते कळायला हवं. नग एकाच दिशेने ताणलेला सरळ शाफ्ट असेल, तर ड्रॉइंगवरून काम भागतं. रोल केलेल्या रिंगमध्येही मुख्य प्रवाह परिघाच्या दिशेने असतो. पण फ्लँज (कडेची कडी), बॉस (उंचवटा), वेब (पातळ पडदी) आले की निव्वळ अंदाजावर विसंबू नये. पार्टिंग लाइनपाशी (साच्याचे दोन भाग जुळतात तिथे) धातू फ्लॅशकडे, म्हणजे बाहेर निसटणाऱ्या जादा धातूकडे, वळतो आणि तिथला प्रवाह मुख्य अक्षाला जवळपास काटकोनातही जाऊ शकतो.

अशा नगासाठी माझं मत मॅक्रो एचला, म्हणजे नग कापून छेदावर आम्ल चढवून नुसत्या डोळ्यांनी बघण्याला. एक नग बळी जातो, पण अख्ख्या छेदाचं चित्र एका नजरेत दिसतं. छेद ग्राइंड करून हायड्रोक्लोरिक आम्ल आणि पाणी यांच्या निम्म्या-निम्म्या द्रावणात, ७०-८० अंश सेल्सिअसला, १५ ते ३० मिनिटं ठेवायचा. वर बसलेली काळी पूड ब्रशने घासली की फळीवर दिसतात तशा रेषा वर येतात. (वाफा वाईट असतात, हूडशिवाय हात घालू नका.) गंधक फार कमी असलेल्या स्वच्छ स्टीलमध्ये मात्र रेषा फिक्या येतात.

सूक्ष्मदर्शकाला तुकडा छोटा पुरतो, चाचणीत तुटलेला अर्धा नमुनासुद्धा चालतो. गफलत होते ती बघण्यात. नायटल (नायट्रिक आम्ल आणि अल्कोहोलचं द्रावण) लावून लांबट दाणे शोधत बसलात तर बहुधा काहीच हाती लागणार नाही, कारण उष्णतोपचारात दाणे नव्याने घडतात. टिकतात ते ताणले गेलेले समावेश, म्हणजे धातूत अडकलेले अधातू कण. म्हणून एच (आम्ल) न लावता, नुसत्या पॉलिशवर, १०० पटीत मँगनीज सल्फाइडचे करडे लांबट धागे पाहा. तेही एकमेकांना काटकोनात असलेल्या दोन पृष्ठांवर, कारण आडव्या छेदात तोच धागा नुसता ठिपका दिसतो.

दिशा कळली तरी नॉच, म्हणजे तडा जिथून सुरू होतो ती खाच, कुठल्या दिशेला पाडायची हा प्रश्न उरतोच. एल-टी म्हणजे नमुन्याची लांबी प्रवाहाबरोबर, तडा प्रवाहाला आडवा. टी-एलमध्ये तडा प्रवाहाबरोबर धावतो आणि ऊर्जा कमी येते. हा फरक अप्पर शेल्फवर (नमुना चिवटपणे तुटतो त्या जास्त तापमानांत) ठळक दिसतो, दोन्ही नमुने ठिसूळ तुटतील इतक्या थंडीत फारसा उरत नाही.

आणि करवत लावण्याआधी प्रत्येक तुकड्यावर प्रवाहाचा बाण पंच करून घ्या. १० × १० × ५५ मिमीचे नमुने एकदा तयार झाले की एल-टी कुठला आणि टी-एल कुठला, हे नुसतं पाहून कुणालाच सांगता येत नाही.