अप्पांच्या मनगटावरचं जीपीएस घड्याळ: आठ-नऊ महिन्यांच्या वापरानंतर

स्मृतिभ्रंश असलेल्या माणसासाठी जीपीएस घड्याळ, म्हणजे घालणाऱ्याचं ठिकाण घरच्यांच्या मोबाइलवर दाखवणारं घड्याळ, घ्यावं का, असं ओळखीतले बरेच जण विचारतात. आम्ही अप्पांसाठी, म्हणजे माझ्या वडिलांसाठी, गेल्या पावसाळ्याच्या तोंडावर घेतलं. आता उन्हाळा आलाय, घड्याळ रोज हातात आहे, म्हणून जरा सविस्तर लिहिते. कंपनीचं नाव लिहीत नाही, कारण त्या एका घड्याळापेक्षा या प्रकारच्या वस्तूबद्दल मला सांगायचं आहे.

अप्पा 78 वर्षांचे. एसटीत वाहक होते, सारी नोकरी सातारा डेपोत. अल्झायमरचं निदान होऊन तीन वर्षं झाली. आई-अप्पा खाली राहतात, आम्ही वरच्या मजल्यावर, घर साताऱ्यातच, गोडोलीत. तब्येत ठणठणीत, चाल आजही आमच्यापेक्षा भरभर. दिवसभर शांत असतात, पण ऊन उतरलं की अस्वस्थ होतात आणि 'ड्यूटीची वेळ झाली' म्हणत स्टँडकडे निघतात. संध्याकाळी गोंधळ वाढणं या आजारात नेहमीचं आहे, डॉक्टरांनी ते आधीच सांगितलं होतं. आई गुडघ्यांमुळे त्यांच्या मागे धावू शकत नाही. घड्याळाचा विषय घरात आला तो असा.

घड्याळ साडेपाच हजारांच्या आसपास पडलं. सिमकार्ड आपलं घालायचं. घेताना पहिली चौकशी करायची ती फोर-जी आहे का याची. स्वस्तातली बरीच घड्याळं फक्त टू-जीवर चालतात आणि जिओचं टू-जी नेटवर्कच नाही, त्यामुळे घरात जिओ असेल तर ती मुकीच राहतात. रिचार्ज वर्षभराचा मारून टाका. अठ्ठावीस दिवसांचा मारला आणि विसरला, की घड्याळाला ठिकाण कळत असूनही ते तुमच्यापर्यंत पोचत नाही.

आता मुख्य गोष्ट, सेफ झोन. ॲपमध्ये घराभोवती वर्तुळ आखायचं, माणूस बाहेर गेला की मोबाइलवर सूचना. विकताना हे असं सांगतात की उंबरठा ओलांडताच फोन वाजेल. तसं होत नाही. घड्याळ ठरावीक वेळाने ठिकाण पाठवतं आणि सूचना त्या पुढच्या ठिकाणाबरोबरच येते. आम्ही दहा मिनिटांचं अंतर ठेवलं होतं. दहा मिनिटांत अप्पांच्या चालीचा माणूस पाऊण किलोमीटर जातो. एक-दोन मिनिटांवर आणलं तर बॅटरी दुपारीच मान टाकते. सध्या दिवसा दहा मिनिटं आणि चार ते आठ दोन मिनिटं असं लावलंय. ही वेळेनुसार बदलायची सोय सगळ्या घड्याळांत नसते, घेण्याआधी विचारून घ्या.

पाऊण किलोमीटरची गोष्ट पायी जाणाऱ्याची झाली. आपल्याकडे 2022पासून पंचाहत्तरी ओलांडलेल्यांना एसटीचा प्रवास मोफत आहे. योजना मला मनापासून आवडते, आईची माहेरची फेरी तिच्यामुळेच होते. पण ज्याची आठवण गेलीय त्याच्यासाठी याचा अर्थ असा, की खिशात दमडी नसतानाही तो राज्यात कुठेही पोचू शकतो. गणपतीच्या दिवसांत तेच झालं. घरात पाहुणे, दार उघडं, अप्पा निघाले. सूचना आली तेव्हा नकाशावरचा त्यांचा ठिपका पोवई नाक्याजवळ होता. मी स्कूटर काढेपर्यंत तो स्टँडवर, आणि तिथे भलतंच झालं: नकाशा त्यांना राजवाड्याकडे दाखवू लागला. काँक्रीटच्या छपराखाली उपग्रहाचे सिग्नल नीट मिळत नाहीत, मग घड्याळ मोबाइल टॉवरवरून अंदाज बांधतं आणि तो काहीशे मीटरने सहज चुकतो. मी स्टँडवर शोधत असतानाच ठिपका पुन्हा खरा झाला, तो कोरेगाव रस्त्यावर, आणि चालत्या माणसाच्या वेगाने तर नक्कीच नाही.

चौकशी खिडकीवरच्या साहेबांनी नाव ऐकताच अप्पांना ओळखलं, ते साहेब अप्पांच्याच हाताखाली शिकले होते. त्यांनी कोरेगाव स्टँडच्या कंट्रोलरला फोन लावला, कंट्रोलरने गाडी आल्या आल्या अप्पांना उतरवून आपल्या केबिनमध्ये बसवलं. मी पोचले तेव्हा अप्पा चहा पीत होते. कंडक्टर म्हणाला, 'ताई, आधार दाखवलं, मी शून्याचं तिकीट दिलं. काका सगळ्यांना पुढे सरका, पुढे सरका म्हणत होते, मला वाटलं डिपार्टमेंटचेच कुणी असतील.' तेव्हापासून आधारच्या झेरॉक्सच्या मागे माझा आणि माझ्या यजमानांचा नंबर ठळक लिहून ती लॅमिनेट केलेली असते. कंडक्टर ते कार्ड बघतोच. स्टँड, रिक्षा थांबा आणि कोपऱ्यावरचं मेडिकल, तिन्हीकडे अप्पांचा फोटो आणि नंबर दिलाय. कुणी नाक मुरडलं नाही. रिक्षावाले तर आता स्वतःहून फोन करतात, आणि तो फोन बहुतेक वेळा घड्याळाच्या आधी येतो.

मला घड्याळाचा खरा फायदा झाला तो अनपेक्षित जागी. ॲपमध्ये मागच्या दिवसांचा माग राहतो. महिन्याभराचा एकत्र पाहिला तेव्हा दिसलं की अप्पा जवळजवळ नेहमी पाच ते साडेपाचच्या दरम्यान आणि एकाच रस्त्याने निघतात. मग आम्ही साडेचारलाच चहा देऊन त्यांना घेऊन निघायला लागलो. कधी मी, कधी माझा मुलगा. स्टँडपर्यंत जायचं, बाकावर बसायचं, दोन-चार गाड्या लागलेल्या बघायच्या, 'ड्यूटी संपली अप्पा, चला घरी' म्हणायचं आणि परत. संध्याकाळी एकटं निघून जाणं यामुळे फार कमी झालं. दार बंद करून ठेवलं असतं तर ते दारावर धडका देत बसले असते, सुरुवातीला देत होतेच. त्यांना चालू द्यायचं आणि आपण सोबत राहायचं, हे मला कुठल्याही यंत्रापेक्षा मोठं वाटतं.

दिवाळीनंतर त्या मागातच रात्री दोन ते चार या वेळात भराभर पावलं दिसू लागली. अप्पा घरातल्या घरात येरझाऱ्या घालत होते, दिवसा एकदम जास्त भ्रमिष्टासारखे वागत होते. आम्हाला वाटलं, आजार पुढे सरकला. डॉक्टरांना ती पावलं दाखवली, त्यांनी आधी लघवी तपासायला सांगितली. जंतुसंसर्ग निघाला. औषधाचा कोर्स झाला आणि अप्पा पुन्हा पूर्वीच्या पातळीवर आले. वृद्धांमध्ये, त्यातही स्मृतिभ्रंश असेल तर, लघवीच्या संसर्गाने अचानक गोंधळ वाढू शकतो. बदल एक-दोन दिवसांत झाला असेल तर 'वय झालं' म्हणून सोडू नका, तपासून घ्या.

आता न पटलेल्या गोष्टी. एसओएसचं बटण अप्पांच्या काही उपयोगाचं नाही. अडचणीत आहोत हे कळणं आणि बटण आठवणं, दोन्ही त्यांच्या हातात उरलेलं नाही. उलट झोपेत दाबलं जाऊन रात्री फोन वाजायचे, म्हणून ते बंद केलं. पडल्याची सूचना देणारं फीचरही भरवशाचं नाही. अप्पा पलंगावरून हळूच घसरून खाली बसले तेव्हा घड्याळ गप्प, आणि भजनात जोरात टाळी दिली की 'पडले' म्हणून ओरडतं. दोन्ही बाजूंनी बोलायची सोय मात्र छान आहे, आपण फोन केला की घड्याळ आपोआप उचलतं. फक्त मनगटातून आवाज आल्यावर ते दचकतात, त्यामुळे पहिला शब्द 'अप्पा' हाच आणि सावकाश.

पट्ट्याचाही प्रश्न होता. मूळ रबरी पट्ट्याखाली पावसाळ्यात पुरळ आलं. कापडी पट्टा घातला, रोज आंघोळीनंतर कोरडं करून हात बदलतो. डायल काट्यांची ठेवली, कारण आयुष्यभर त्यांनी काट्यांचं घड्याळ वापरलं, आकड्यांच्या चकाकत्या पडद्याकडे बघून ते घड्याळच काढून ठेवत.

ॲपची एक खोच: अँड्रॉइड फोनमधलं बॅटरी सेव्हर हे ॲप मागच्या मागे बंद करतं आणि सूचनाच येत नाही. सेटिंगमध्ये जाऊन या ॲपपुरतं ते काढा. कंपनीच्या सेवेबद्दल सांगायचं तर चार्जरची केबल बिघडली आणि दुसरी यायला तीन आठवडे लागले. दोन केबल आधीच घेऊन ठेवा. आणि पासवर्ड पहिल्या दिवशी बदला. 2019मध्ये अव्हास्ट या सायबर सुरक्षा कंपनीच्या संशोधकांना ठिकाण दाखवणारे सुमारे सहा लाख ट्रॅकर 123456 याच पासवर्डवर चालू सापडले होते, त्यात लहान मुलांची आणि वृद्धांची घड्याळं होती. आपल्या माणसाचं ठिकाण परक्याला दिसणं हा साधा धोका नाही.

घड्याळाआधी काय घ्यावं असं विचाराल तर मी दाराची बेल सांगेन. चौकटीला आणि दाराला चिकटवायचे दोन छोटे चुंबकी तुकडे, दार उघडलं की आत टिंगटाँग. काहीशे रुपयांत येते. सायरनवाली घेऊ नका, माणूस घाबरतो. पहाटे चारला अप्पा 'पहिली गाडी' पकडायला उठतात, तेव्हा आईला जाग येते ती या बेलनेच, घड्याळ तर आता त्या वेळी चार्जिंगला असतं. संडासाच्या वाटेवर हालचालीने लागणारा दिवा लावलाय, रात्री गॅसचा रेग्युलेटर बंद.

इंग्लंडमधल्या नॉरफोक पोलिसांनी सुरू केलेला एक फॉर्म आहे, हर्बर्ट प्रोटोकॉल. नॉर्मंडीच्या लढाईत भाग घेतलेल्या जॉर्ज हर्बर्ट यांच्या नावाचा. स्मृतिभ्रंश असलेले हर्बर्ट आपलं लहानपणीचं घर शोधायला निघाले आणि त्यातच वारले. माणूस हरवल्यावर पोलिस जे विचारतील ते घरच्यांनी आधीच लिहून ठेवायचं. आम्ही अप्पांचा तसा कागद केला: ताजा फोटो, उंची, भुवईवरची खूण, औषधं, कुठल्या मार्गांवर नोकरी केली, मूळ गाव, कुठल्या हाकेला ओ देतात. शेवटचं महत्त्वाचं, 'आजोबा' म्हटलं तर ते वळत नाहीत, 'मास्तर' म्हटलं की थांबतात. हरवल्यावर 24 तास थांबायचा कुठलाही नियम नाही, लगेच 112ला फोन करायचा. एल्डरलाइन या ज्येष्ठांसाठीच्या सरकारी हेल्पलाइनचा 14567 सकाळी आठ ते रात्री आठ चालू असतो, तोही फ्रिजवर लावून ठेवलाय.

घ्यावं का? घरात किंवा गल्लीत दहा मिनिटांत धावून जाणारं कुणीतरी असेल तर जरूर घ्या. आई-वडील गावी एकटे आणि तुम्ही पुण्या-मुंबईत असाल तर तिथून नुसता ठिपका हलताना दिसेल. त्यापेक्षा तेच पैसे संध्याकाळच्या दोन तासांसाठी सोबत करणाऱ्या भरवशाच्या माणसावर खर्च करा, आणि घड्याळ त्यानंतर.